पिकअपसाठी अडीच महिने थांबा म्हणतात. थांबू, की जादा पैसे मोजून आजच उचलू?

प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: घरचा टोमॅटो आणि कांदा, दारात एक जुना छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो). तो नारायणगावच्या बाजारापुरता चालतो, वाशीला माल न्यायचा तर पिकअप भाड्याने करावी लागते. यंदा स्वतःची नवीन पिकअप घ्यायची म्हणून मार्चच्या मध्यात दोन शोरूमला फिरले. एकाने डिझेल गाडीला अडीच महिन्यांचं वेटिंग सांगितलं. दुसरा म्हणाला आठ दिवसांत देतो, पण ४५,००० रुपये वर लागतील, विमा आमचाच आणि फायनान्सही आम्ही सांगू तिथलंच. टोमॅटोचा तोडा मेच्या मध्यात सुरू होणार. काय करावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. पंचेचाळीस हजार देऊ नका. बुकिंग आजच करा, पण एकाच शोरूमच्या भरवशावर बसून राहू नका. आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी भाड्याची गाडी आत्ताच बोलून ठेवा.

मी व्यापारी वाहनांच्या विक्रीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेलो आहे. आधी शोरूममध्ये, आता गाड्या घेणाऱ्यांच्या बाजूने. माल कमी असला की शोरूमवाला सगळ्यात आधी समोरच्याची घाई जोखतो. त्याला ती लगेच दिसते. गिऱ्हाइकाला मात्र आपल्या घाईची रुपयांत किंमत किती, ते माहीत नसतं. म्हणून शोरूमला फोन लावण्याआधी वहीचं एक पान घ्या.

समजा, वाशीच्या एका खेपेला भाड्याची पिकअप साडेसहा हजार घेते. स्वतःची गाडी असली तर जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर धरा. बारा-साडेबाराचं ॲव्हरेज पडलं तर डिझेल अडीच हजारांच्या आसपास. टोल, ड्रायव्हर, भत्ता, हमाली हे दीड हजार. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे पाचशे बाजूला काढा. म्हणजे साडेचार हजार, आणि एका खेपेमागे वाचले दोन हजार. तुमच्याकडचा दर वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच.

आता महिन्याचा बांधलेला खर्च. साडेआठ लाखांचं कर्ज, चार वर्षं, घटत्या शिलकीवर साडेदहा टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण २१,८०० रुपये येतो. विम्याचे महिन्याला साडेतीन हजार. झाले २५,३००. म्हणजे महिन्याला तेरा खेपा झाल्या तर गाडी स्वतःचं पोट भरते. तोड्याच्या महिन्यात बावीस खेपा झाल्या तर १८,७०० रुपये वरचे. आणि एप्रिलसारख्या महिन्यात, कांदा काढून वखारीत टाकलेला आणि टोमॅटो अजून फुलात असताना, पाच-सहा खेपा झाल्या तर दारातली नवी कोरी गाडी तुमच्याच खिशातून तेरा ते पंधरा हजार काढते. (हप्त्यात मुद्दलही असतं, तो सगळा खर्च नव्हे, असं कोणी हिशेबी माणूस म्हणेल. बरोबर आहे. पण हंगामाच्या तोंडावर औषधाच्या दुकानाची उधारी भागवायची असते, तेव्हा खिशातून जाणारी रोकडच मोजावी लागते.)

हे तुमच्या तारखांवर बसवून बघा. मार्चच्या मध्यापासून अडीच महिने म्हणजे मेअखेर. त्यातले पहिले दोन महिने गाडी नसल्याने तुमचं काहीच जात नाही, उलट दोन हप्ते वाचतात. नुकसान फक्त मेच्या शेवटच्या पंधरवड्याचं, म्हणजे नऊ-दहा हजारांचं. हंगामात भाडं चढतं, हे खरं. साडेसहाचे आठ हजार झाले आणि त्या पंधरवड्यात अकरा खेपा झाल्या, तर वर साडेसोळा हजार. तरी एकूण सव्वीस हजारांच्या आत. समोरचा मागतोय पंचेचाळीस.

हाच प्रश्न मेच्या वीस तारखेला, शेतात लाल माल उभा असताना आला असता तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. तशा दिवसांत गाडीवाचून एक खेप चुकली तर शोरूमने मागितलेली रक्कम चिल्लर वाटते. पण तो भाव येईलच असं धरून गाडीला जादा पैसे देणं म्हणजे शुद्ध जुगार. आणि भाड्याची गाडी ऐन वेळी मिळत नाही, हा खरा धोका आहे. तो टाळायला गावातल्या दोन पिकअपवाल्यांशी आत्ताच पंधरा दिवसांची बोली करा, थोडी उचल द्या. दोन-तीन हजार उचलीवर काम होतं.

आता दुसरी गोष्ट. ते अडीच महिने खरे आहेत का?

तुटवडा म्हणजे सगळीकडे सगळ्याच गाड्या नाहीत, असं फार क्वचित होतं. २०२१ साली तसं झालं होतं. कोविडच्या पहिल्या लाटेत गाडी कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या, चिप बनवणाऱ्यांनी आपली क्षमता मोबाइल आणि लॅपटॉपकडे वळवली आणि मागणी परतली तेव्हा रांगेत गाडीवाले मागे पडले. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली, पुढे मलेशियात लॉकडाउन झालं. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर येईल असं जाहीर केलं, महिंद्रानेही त्या महिन्यात काही दिवस उत्पादन बंद ठेवलं. साध्या पिकअपमध्ये कसली आली चिप, असं लोक विचारायचे. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांत बसणाऱ्या डिझेल इंजिनात किती इंधन कधी सोडायचं हे ईसीयू नावाची इलेक्ट्रॉनिक डबी ठरवते. ती डबी नसेल तर बाकी सगळी गाडी तयार असूनही चालू होत नाही. टोयोटाची हायलक्स पिकअप आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात पुरवठ्याअभावी तिचं बुकिंग थांबवावं लागलं. अमेरिकेत तर त्याच वर्षी फोर्डच्या काही पिकअप तयार होऊनही अडकल्या होत्या, कारण पुढे लावायचा कंपनीचा निळा बिल्लाच येत नव्हता. गाडी कशावरून अडेल याचा काही नेम नाही.

एरवीचा तुटवडा असा सरसकट नसतो. तो एखाद्या व्हेरिएंटचा असतो, एखाद्या शोरूमचा असतो, नाहीतर सणासुदीचा. २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी आठवडाभर शोरूममध्ये माशा मारत बसलेली माणसं घटस्थापनेपासून जेवायला उठेनात, कारण थांबलेले सगळे एकदमच आले. असा तुटवडा काही आठवड्यांत विरतो.

म्हणून शोरूमला 'वेटिंग किती?' असं विचारूच नका. त्याला ठरलेलं उत्तर आहे. विचारायचं ते असं: या व्हेरिएंटच्या तुमच्या किती बुकिंग पेंडिंग आहेत? मागच्या महिन्यात कंपनीकडून अशा किती गाड्या आल्या? या महिन्यात किती डिस्पॅच धरलाय? पेंडिंग पंधरा आणि महिन्याला सहा गाड्या येत असतील तर अडीच महिने खरे. पेंडिंग चाळीस आणि महिन्याला चार असतील तर तो अडीच महिने कुठून म्हणतो, ते त्यालाच विचारा. आकडे सांगायला टाळाटाळ झाली तर वेटिंग फुगवलेलं आहे असं मी धरतो.

फुगण्याचं आणखी एक कारण गिऱ्हाइकच असतात. तुटवड्याची कुणकुण लागली की माणूस तीन ठिकाणी पाच-पाच हजार भरून नाव लावतो. एकीकडून गाडी मिळाली की दोन बुकिंग रद्द. त्यामुळे यादीत दिसणारी सगळी नावं खरी नसतात. अडीच महिने सांगितलेली गाडी दीड महिन्यात हाती येते ती यामुळेच, आणि ती नेमकी त्यालाच मिळते जो आठवड्यातून एकदा फोन करतो आणि ज्याचं कर्ज मंजूर होऊन पडलेलं असतं. महिनाअखेरीला एखादी बुकिंग कोसळली की सेल्स मॅनेजर यादीतल्या पहिल्याला फोन करत नाही. उद्या पैसे भरू शकेल त्याला करतो. हे शोरूमचं उघड गुपित आहे. तुम्ही 'उद्या पैसे भरू शकेल' असा माणूस व्हा.

लांबचं शोरूमही बघा. संगमनेर, नाशिक, कल्याण, पुणे, सगळीकडे फोन करा. 'आमच्याच भागातल्या गिऱ्हाइकाला देतो' असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि पुढचा नंबर फिरवा. राज्यात कुठेही घेतली तरी नोंदणी तुमच्या पत्त्यावर एमएच-१४ ला (पिंपरी-चिंचवड आरटीओ) करता येते. परराज्यातून आणायच्या फंदात मात्र पडू नका. जीएसटी सगळीकडे सारखा, रस्ता कर नोंदणी जिथे तिथला, मग तात्पुरत्या नंबरवर गाडी चालवत आणून नक्की काय मिळवलं?

मुहूर्ताचं एक सांगतो, पटलं तर घ्या. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा या दिवसांसाठी लोक गाड्या अडवून ठेवतात आणि त्याच्या आधीचे पंधरा दिवस वेटिंग उगाच लांबलेलं दिसतं. पितृपक्षात उलटं. तेव्हा यार्डात गाड्या उभ्या असतात आणि शोरूमवाला स्वतः फोन करतो. तुम्हाला मेमध्ये गाडी हवी आहे, तर अक्षय्य तृतीया उलटून गेल्यावर लगेच, ज्यांची गाडी मुहूर्तावर होऊ शकली नाही आणि रागाने बुकिंग काढून घेतलं, त्यांच्या गाड्यांवर डोळा ठेवा.

आता तुम्हाला सांगितलेल्या त्या पंचेचाळीस हजारांची फोड. तुम्ही पाठवलेल्या कागदावर ॲक्सेसरी किट १४,०००, विम्यात फरक ११,०००, हँडलिंग ८,००० आणि 'प्रायॉरिटी डिलिव्हरी' १२,००० असं लिहिलं आहे.

किटमध्ये सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप, एक परफ्यूम आणि टेफ्लॉन कोटिंग. पिकअपच्या हौदात क्रेट आदळायचे आहेत, टेफ्लॉन कशाला? ताडपत्री, दोर आणि हौदात टाकायला रबराची शीट एवढंच तुम्हाला लागतं आणि ते मंचर-नारायणगावला निम्म्यात होतं. हँडलिंग तर सरळ काट मारायचं कलम आहे. एक्स-शोरूम किंमत म्हणजे गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडतानाची किंमत. यार्डातून शोरूमला आणायचा खर्च त्यातच धरलेला असतो. 'प्रायॉरिटी'ला तर पावतीच मिळणार नाही. मागून बघा. ज्या पैशाची पावती मिळत नाही ते द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम पाळला तरी अर्धी रक्कम आपोआप गळते.

विम्याचं जरा थांबून बघू, कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. शोरूमचाच विमा घेतला पाहिजे असं बंधन नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) सरकारने ठरवलेला असतो, २०२२ च्या दरपत्रकात तो १६,०४९ रुपये होता. तो सगळीकडे सारखाच, म्हणजे फरक असेल तो फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागात. बाहेरून दोन कोटेशन आणा, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तीच कव्हर धरून. मात्र स्वस्तातल्या कोटेशनमध्ये 'आयएमटी २३' आहे का ते नक्की बघा. मालवाहू गाडीच्या विम्यात हे कव्हर नसेल तर दिवे, बंपर, मडगार्ड, टायर, रंग यांचा दावा अडतो. बाजार समितीच्या आवारात पिकअपचं नेमकं हेच फुटतं. दोन-तीन हजारांचाच फरक राहिला तर मी शोरूमचा विमा घ्या म्हणेन, कॅशलेसला त्रास कमी. अकरा हजारांचा फरक असेल तर नाही.

फायनान्स तिथलंच घ्या म्हणतात, त्यात त्यांचा सगळ्यात मोठा फायदा असतो आणि तो कागदावर दिसत नाही. 'फक्त सात टक्के' असं सांगतील. विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्युसिंग (घटत्या शिलकीवर)? साडेआठ लाखांवर चार वर्षं फ्लॅट सात टक्के म्हणजे व्याज दोन लाख अडतीस हजार आणि हप्ता सुमारे २२,६७०. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला तर व्याजदर पडतो साडेबारा टक्क्यांच्या थोडा वर. वर आपण साडेदहाने काढलेल्या हप्त्याशी तुलना करा: महिन्याला साधारण ८७० रुपयांचा फरक, चार वर्षांत चाळीस हजारांच्या वर. म्हणजे पंचेचाळीस हजारांची मागणी मुळात पंच्याऐंशी हजारांची होती. जिल्हा बँक, राष्ट्रीयीकृत बँक आणि एखादी फायनान्स कंपनी अशी तीन कोटेशनं घ्या आणि टक्के बाजूला ठेवून दोनच आकडे विचारा: हप्ता किती आणि एकूण किती भरायचे. शेतकऱ्याला सहामाही हप्ता देता का, हेही विचारा. काही जण देतात.

तुम्ही राज्य सरकारच्या अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचा (कर्जावर भरलेलं व्याज महामंडळ परत देतं, त्याचा) उल्लेख केलाय. त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी महामंडळाच्या पोर्टलवरून पात्रतेचं पत्र, म्हणजे ज्याला सगळे एलओआय म्हणतात ते, आणि मग बँकेची मंजुरी. घाईघाईत आधी कर्ज उचललं आणि मागून अर्ज केला तर परतावा अडकतो. आठ दिवसांत गाडी देणाऱ्याच्या नादी लागू नका म्हणायचं हेही एक कारण. पत्राची मुदत किती आहे तेवढी पाहून ठेवा, वेटिंग लांबलं तर ती उलटायला नको.

बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरात एक ओळ असते: डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. भांडून ती बदलत नाही, पण ती दोन्हीकडून चालते. सप्टेंबर २०२५ चंच घ्या. २८ टक्के करासह नऊ लाखांची गाडी असेल तर तिची मूळ किंमत सात लाख तीन हजारांच्या आसपास. १८ टक्क्यांनी ती आठ लाख तीस हजारांच्या आत आली. ऑगस्टमध्ये ज्याने जादा पैसे देऊन गाडी उचलली त्याचे वरचे पैसेही गेले आणि हे सत्तर हजारही. नेहमी असं होत नाही. जानेवारी आणि एप्रिलमध्ये कंपन्या बहुधा वाढवतातच. फॉर्मवर दोन गोष्टी पेनाने लिहून घ्या: व्हेरिएंटचं पूर्ण नाव, आणि बुकिंग रद्द केलं तर किती दिवसांत किती परत. तोंडी शब्द सेल्समनबरोबर जातो, आणि सेल्समन दर सहा महिन्यांनी दुसऱ्या शोरूमला जातो. पैसे खात्यातूनच भरा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तरी मागणारे मागतात. बिल दहा लाखांच्या वर गेलं तर एक टक्का टीसीएस (शोरूम आगाऊ घेतं तो आयकर) लागेल, तो रिटर्न भरून परत मिळतो.

अडकलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात तयार असलेलं दुसरं मॉडेल मारणं, ही तुटवड्यातली सगळ्यात जुनी चाल. १.३ टन माल नेणारी नाही, १.७ टनी आहे, घेऊन टाका. इथे घाईने हो म्हणू नका आणि घाईने नाहीही म्हणू नका. टोमॅटोचा भरलेला क्रेट साधारण बावीस किलो धरला तर १.३ टनात एकोणसाठ क्रेट बसतात, १.७ टनात सत्याहत्तर. आपल्याकडे पाटे वाढवून शंभराच्या वर रचतात, ते मला ठाऊक आहे. ओव्हरलोडला कायद्यात वीस हजार आणि वर दर जादा टनाला दोन हजार दंड आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी वजनकाट्याची पावती मागते. त्यामुळे तुमच्या मालाला १.७ टनी जास्त योग्य असू शकते. फक्त एक लक्षात ठेवा: मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यावर गेलं की लागतं. १.७ टनी गाड्या त्या रेषेच्या वर जातात. मोठी अडचण नाही, पण खर्चात धरा. लायसन्सची काळजी नको. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे.

डिझेलऐवजी सीएनजी देतो म्हणतील. नारायणगाव-पुणे सपाटीच्या रस्त्यावर मी हो म्हटलं असतं. तुमची वाट माळशेजवरून आहे आणि पहाटे चारच्या आत वाशीला पोचायचं असतं. भरल्या गाडीने घाट उतरायचा आणि परतताना मुरबाडला गॅसच्या रांगेत उभं राहून तोच घाट चढायचा, हे हंगामात रोज जमणार नाही. डिझेलसाठी थांबा. रंगाचा मात्र अजिबात हट्ट धरू नका. पांढरी हवी म्हणून तीन आठवडे थांबलेली माणसं मी पाहिली आहेत, पहिल्या पावसानंतर सगळ्या पिकअप एकाच रंगाच्या दिसतात.

दुसऱ्या कंपनीची गाडी लगेच मिळत असेल तर? महिंद्राच्या बोलेरो पिकअपला वेटिंग आणि अशोक लेलँडची दोस्त किंवा टाटाची इंट्रा यार्डात उभी, असं होतं. गाडी म्हणून कुठलीच वाईट नाही. मी एवढंच विचारतो: तुमच्या गावापासून वाशीपर्यंतच्या रस्त्यावर बंद पडली तर तिचा मेकॅनिक आणि सुटा भाग कुठे मिळेल? आळेफाट्याला विचारा, ओतूरला विचारा. दोन ठिकाणी मिळत असेल तर खुशाल घ्या.

गाडी आली की नोंदणीला पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन ती डोळ्यांनी बघा. एकदा नंबर पडला की तुमचं ऐकणारं कोणी राहत नाही. चॅसिस नंबर स्वतः वाचा आणि फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (कंपनीचा गाडीबद्दलचा दाखला) आणि बिलाशी ताडून बघा. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. मग टायरजवळ उकिडवे बसा. रबरावर लंबगोलात चार आकडे असतात, म्हणजे ३८२५ असेल तर २०२५ सालचा अडतिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी धरून. चार टायर एका महिन्यातले आणि एक आठ महिने जुना निघाला, किंवा गाडी फेब्रुवारीची आणि बॅटरी त्याआधीच्या वर्षीच्या जूनची, तर गाडी कुठेतरी उभी होती किंवा तिचं काही काढून दुसरीला लावलेलं आहे. तुटवड्यात हे होतं: एका गाडीचा भाग नसला की शेजारच्या गाडीचा काढून पहिली पाठवतात. भाग नंतर कंपनीचाच येतो, पण कोणी कसा बसवला ते आपल्याला माहीत नसतं. हौदाखाली वाकून वेल्डिंगच्या जागी गंज बघा, वायरिंगला नवी काळी टेप गुंडाळलेली आहे का ते बघा, किल्ल्या दोन्ही मागा. चिपच्या टंचाईत, २०२२ साली, जपानमध्ये टोयोटासारख्या कंपनीने काही गाड्यांना एकच स्मार्ट किल्ली देऊन दुसरी नंतर देऊ म्हटलं होतं. तशी वेळ आली तर 'दुसरी किल्ली देणे बाकी' हे डिलिव्हरी नोटवर लिहून घ्या.

आणि बुकिंगचे पैसे अडकवले, किंवा ठरल्यापेक्षा जास्त मागितले तर? आधी कंपनीच्या एरिया मॅनेजरला लेखी, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. 'ही व्यापारी गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही' असं तोंडावर सांगतील. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवायला एखादी गाडी घेणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला आहे. ताफा बाळगणाऱ्याला ते लागू नाही, तुम्हाला आहे.

राहिला तो छोटा हत्ती. एक्स्चेंजमध्ये शोरूमला देऊ का, असं विचारलंय. नव्या गाड्यांचा तुटवडा असतो तेव्हा जुन्यांना भाव असतो, आणि तो फायदा शोरूमला कशाला द्यायचा? तालुक्यात भाजीवाले, दूधवाले, पाण्याचे जार पोचवणारे अशा गाडीच्या शोधात असतातच. फक्त नवी पिकअप दारात येऊन नंबर पडेपर्यंत तो विकू नका. वेटिंग पंधरा दिवस लांबलं तर नारायणगावच्या खेपा त्याच्यावरच होतील. विकायच्या आधी त्यावरचं जुनं कर्ज आरसीवरून उतरवून घ्या. हप्ते फिटले तरी बोजा तसाच राहिलेला असतो, त्यासाठी फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, आणि ती एनओसी यायला कधी कधी नव्या गाडीपेक्षा जास्त वेळ लागतो. तो अर्ज याच आठवड्यात टाका. फिटनेसची तारीखही बघून घ्या, संपत आली असेल तर पासिंग करूनच विका. पासिंग नसलेल्या गाडीला गिऱ्हाईक वीस हजार कमी सांगतं आणि घेतल्यावर गाडी तुमच्याच नावावर फिरवत राहतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणून निश्चिंत राहू नका. आरसीवर नवं नाव चढलेलं स्वतः पाहिल्याशिवाय शेवटचे दहा हजार घेतले असं लिहून देऊ नका.